चूक कोणाकडूनही होते. ग्राहक जातो तो नंतरच्या दहा मिनिटांमुळे! (बँकॉकच्या एका हॉटेलाने शिकवलेले पाच धडे)



आपल्या प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "सर, माल चांगला आहे, रेट बरोबर आहे, तरी गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. काय चुकतंय?" मी उलट विचारतो, "मागच्या वेळी काही गडबड झाली होती का?" मग आठवून आठवून उत्तर येतं, "हो, एकदा डबा उशिरा गेला होता. पण ते काही बोलले नाहीत."

इथेच गोम आहे. ते बोलले नाहीत म्हणून आपण समजलो की विषय मिटला. खरं तर त्या दिवशी त्यांनी मनातल्या मनात दुसरा डबेवाला शोधायला सुरुवात केली होती.

व्हिडिओत मी यावर थोडक्यात बोललो. इथे सविस्तर लिहितोय, आणि पुस्तकी उदाहरण न घेता एक प्रत्यक्ष अनुभव घेतोय. मी, माझी बायको आणि माझे आई-बाबा असे चौघं बँकॉकला गेलो होतो. सुखुमवित भागातलं मध्यम दर्जाचं हॉटेल, दोन खोल्या, चार रात्री. एका खोलीचे रात्रीचे २,२०० बाथ, म्हणजे एकूण १७,६०० बाथ. आपले साधारण ४४-४५ हजार रुपये. हॉटेलचं नाव सांगणार नाही, कारण नावाचा प्रश्नच नाही. हे हॉटेल जे करत होतं, तेच आपल्यातले अनेक जण रोज आपल्या दुकानात करतात.

धडा १: नियम बरोबर असतो, सांगण्याची पद्धत चुकते

मुंबईहून रात्री निघालेलं विमान बँकॉकला पहाटे पोचतं. प्रवास चार-सव्वाचार तासांचा आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. आम्ही आठच्या सुमाराला हॉटेलवर हजर. काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरवरून नजर न उचलता सांगितलं, "चेक-इन दोन वाजता."

आता नीट ऐका. नियम चुकीचा नव्हता. आदल्या रात्रीचा पाहुणा दुपारी बारापर्यंत खोली सोडतो, मग सफाई, चादरी, बाथरूम. दोनच्या आधी खोली देणं हॉटेलवर बंधनकारक नाही. आम्ही खोली मागतही नव्हतो. पण रात्रभर न झोपलेल्या, गुडघे दुखणाऱ्या पंचाहत्तरीच्या माणसासमोर "दोन वाजता" एवढंच बोलून थांबलं की त्याचा अर्थ होतो, "तोपर्यंत तुमचं तुम्ही बघा."

तिला एवढंच म्हणायचं होतं: "खोली दोनला मिळेल. बॅगा इथे ठेवा. हात-पाय धुवायला तिकडे जागा आहे. अकराच्या सुमाराला एखादी खोली रिकामी झाली तर तुम्हालाच आधी देते." या चार वाक्यांना पैसे पडत नाहीत.

आपल्याकडे मालवण-तारकर्लीला होमस्टे चालवणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनी हे खास लक्षात घ्यावं. पुण्या-मुंबईची रात्रीची बस सकाळी सहा-सातला उतरवते. तुमची खोली बाराला मिळणार, ठीक आहे. पण अंगणात दोन खुर्च्या, बाहेरचं एक स्वच्छ बाथरूम आणि कपभर चहा, एवढी सोय असली की सहा तास थांबणारा पाहुणाही खूश असतो. माणूस थांबायला तयार असतो. टांगलेलं राहायला तयार नसतो.

लॉबीतली एक गंमत सांगतो. भिंतीवर पाट्याच पाट्या होत्या. ड्युरियन फळ आणू नका, दंड. खोलीत सिगारेट ओढू नका, दंड. पाहुण्याचा पाहुणा आणू नका, जादा पैसे. पुणेरी पाट्यांना लाजवतील अशा! पण रात्री काही अडचण आली तर कोणाला फोन करायचा, ही एकच पाटी नव्हती. आज तुमच्या दुकानातल्या पाट्या मोजा. "उधार बंद", "बदलून मिळणार नाही", "सुट्टे पैसे द्या" अशा किती, आणि "काही अडचण असल्यास या नंबरवर सांगा" अशी किती?

धडा २: "ते वेबसाइटकडून झालंय" हे उत्तर नाही

दोन्ही खोल्या शेजारी-शेजारी हव्यात, अशी विनंती आम्ही बुकिंगच्या साइटवरून केली होती आणि हॉटेलने तिथेच "हो" लिहिलं होतं. प्रत्यक्षात एक खोली चौथ्या मजल्यावर, दुसरी नवव्या. मेसेज दाखवला तर उत्तर आलं, "हे साइटवरचं आहे, आमच्या सिस्टिममध्ये दिसत नाही." शिवाय प्रत्येक खोलीमागे १,००० बाथ रोख डिपॉझिट मागितलं. त्याचा उल्लेख बुकिंगच्या मेलमध्ये कुठेही नव्हता.

हॉटेलची बाजूही बघू. बुकिंग साइट्स मोठं कमिशन घेतात, विनंत्या वेगळ्या खिडकीत येतात, आणि त्या बघायला वेगळा माणूस नसतो. अडचण खरी आहे. पण ती हॉटेलच्या आतली अडचण आहे. आम्ही पैसे मोजले ते हॉटेलच्या नावावर.

आपल्याकडे याची भावंडं रोज ऐकू येतात. "कुरिअरवाल्याने उशीर केला." "कापड मिलमधूनच असं आलं." "तो मुलगा नवीन आहे." "गॅस संपला होता." सगळं खरं असेल. पण ग्राहकाने कुरिअरवाल्याला निवडलेलं नाही, तुम्हाला निवडलंय. त्याच्यासमोर तुमचा धंदा म्हणजे एकच माणूस असतो. आतली भांडणं आत मिटवा. बाहेर एकच वाक्य जाऊ द्या: "आमच्याकडून झालंय, आम्ही बघतो."

डिपॉझिटचंही तसंच. पैसे मागण्यात गैर काही नाही, अचानक मागण्यात आहे. केटरिंगवाल्यांनी भांड्यांचं डिपॉझिट, हॉलवाल्यांनी सफाईचे पैसे, टेलरने अस्तराचा खर्च, हे सगळं ऑर्डर घेतानाच बोलून टाकावं, शक्य तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून. आधी सांगितली की ती अट असते, नंतर सांगितली की फसवणूक वाटते. रक्कम तीच असते.

धडा ३: काउंटरवरच्या माणसाच्या हातात काहीतरी द्या

दुसऱ्या रात्री साडेअकराला आई-बाबांच्या खोलीतल्या एसीतून पाणी गळायला लागलं, नेमकं पलंगाच्या पायाशी. खाली रात्रपाळीला एक तरुण मुलगा होता. अतिशय नम्र. त्याने हात जोडले, माफी मागितली, हसला. मी म्हटलं, दुसरी खोली दे. तो म्हणाला, मॅनेजरला विचारावं लागेल. मग विचार. मॅनेजर सकाळी येणार. दुरुस्तीवाला? तोही सकाळी. शेवटी त्याने एक बादली आणून दिली. आईने बादलीभोवती हॉटेलचाच टॉवेल अंथरला, आणि ती रात्र दोघांनी टपटप ऐकत काढली.

मित्रांनो, या मुलाला दोष देऊ नका. त्याच्याकडे नम्रता होती, अधिकार नव्हता. आणि अधिकार नसलेली नम्रता म्हणजे गोड आवाजात दिलेला नकार.

रिट्झ-कार्लटन या हॉटेल साखळीचं धोरण धंद्याच्या जगात प्रसिद्ध आहे. तिथला कुठलाही कर्मचारी, अगदी सफाईवालासुद्धा, पाहुण्याची अडचण सोडवण्यासाठी २,००० डॉलरपर्यंतचा खर्च वरिष्ठांना न विचारता करू शकतो. ऐकून तुम्ही म्हणाल, सर, आमचा महिन्याचा गल्ला तेवढा नाही! बरोबर. आकडा महत्त्वाचा नाही, "न विचारता" हे शब्द महत्त्वाचे आहेत. तुमच्या धंद्यात हा आकडा २०० रुपये असू द्या. मेसमधल्या मुलाला सांगून ठेवा: भाजीत केस निघाला, तर मालकाला शोधत बसू नकोस. ताट बदल, त्या ताटाचे पैसे घेऊ नकोस, आणि संध्याकाळी वहीत लिहून ठेव. बस.

स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सचे प्रमुख यान कार्लझन यांनी १९८० च्या दशकात एक साधा हिशोब मांडला होता. वर्षाला एक कोटी प्रवासी, प्रत्येकाची गाठ कंपनीच्या साधारण पाच माणसांशी, प्रत्येक गाठ सरासरी १५ सेकंदांची. म्हणजे वर्षातून पाच कोटी वेळा, १५-१५ सेकंदांत कंपनीची परीक्षा होते. आणि त्या परीक्षेला मालक बसत नाही. तिकीट खिडकीवरचा माणूस बसतो. तुमच्याकडे कोण बसतो? पोऱ्या, भाचा, पार्ट टाइम येणारी ताई. त्यांना फक्त "नीट बोल" सांगून भागत नाही. काय करण्याची मुभा आहे, तेही सांगावं लागतं.

धडा ४: शेवट लक्षात राहतो

एसी दुसऱ्या दिवशी दुपारी दुरुस्त झाला. खरं सांगतो, आम्ही तो विषय सोडूनही दिला होता. फिरायला आलोय, कशाला डोकं तापवायचं? पण निघायच्या दिवशी डिपॉझिट परत घेताना ३०० बाथ कमी आले. कारण काय, तर टॉवेलवर डाग. कुठला टॉवेल? तोच, गळत्या एसीखाली अंथरलेला!

मी सगळी हकीकत सांगितली. तोवर मॅनेजर आला होता. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "टॉवेलचा चार्ज ही हॉटेलची पॉलिसी आहे." रात्रीच्या मुलाने बादली दिल्याची नोंद कुठेच नव्हती. टॅक्सी बाहेर उभी, विमानाची वेळ. आम्ही वाद न घालता निघालो.

माणसाची आठवण कशी काम करते यावर डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एकदा १४ अंशांच्या गार पाण्यात ६० सेकंद हात बुडवायला लावला. दुसऱ्यांदा तसाच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद, पण त्या शेवटच्या ३० सेकंदांत पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत थोडं कोमट केलं. मग विचारलं, यातला कुठला प्रकार पुन्हा कराल? बहुतेकांनी दुसरा निवडला! त्रास जास्त वेळ झाला, पण शेवट जरा सुसह्य होता. आपण अनुभवाची बेरीज करून लक्षात ठेवत नाही. त्यातला सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट, हेच डोक्यात राहतात.

आता तुमचा शेवटचा क्षण कुठला ते बघा. केटररचा शेवटचा क्षण म्हणजे जेवणाची पंगत नाही, हिशोबाची वेळ आहे. टेलरचा शेवटचा क्षण म्हणजे ट्रायल. गॅरेजवाल्याचा शेवटचा क्षण म्हणजे बिल हातात देणं. लाखभराचं केटरिंग करून शेवटी "दोन चमचे कमी भरतायत, त्याचे ऐंशी रुपये" म्हणालात, की पाहुण्यांनी बोटं चाटून खाल्लेली बासुंदी विसरली जाते, चमचे लक्षात राहतात.

धडा ५: हातगाडीवरच्या बाईकडून शिका

त्याच हॉटेलच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई कापलेल्या फळांची गाडी लावायची. काचेच्या पेटीत बर्फावर पपई, अननस, पेरू, कलिंगड. मागाल ते फळ खटाखट कापून पिशवीत भरायचं, खायला एक काडी, आणि सोबत मीठ-साखर-मिरचीच्या पुडीची घडी. एक पिशवी २० बाथ. तिला इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला थाई.

पहिल्या दिवशी बाबांनी ती पुडी खुणेनेच परत केली, मधुमेहामुळे साखर चालत नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी तिने बाबांच्या पिशवीत पुडी टाकलीच नाही. आमच्या तिघांच्या पिशव्यांत मात्र टाकली. तिसऱ्या दिवशी पपई जरा कच्ची निघाली. बाबा काही बोलले नाहीत, नुसती एक फोड बाजूला सारली. तिने ते पाहिलं. पिशवी हातातून घेतली, दुसरी पपई कापली, नवी पिशवी दिली. पैसे काढले तर हात हलवून नको म्हणाली.

बघा, चूक तिच्याकडूनही झाली होती. पण तक्रार होण्याआधी तिने बघितलं, कोणाला विचारलं नाही, कारण सांगत बसली नाही, आणि एका मिनिटात निस्तरलं. ना सिस्टिम, ना पॉलिसी, ना मॅनेजर. चार दिवस आम्ही तिच्याकडेच गेलो आणि आजही घरी विषय निघाला की आई तिचीच आठवण काढते.

गडबड होऊन ती उत्तम निस्तरली, तर ग्राहक कधी कधी आधीपेक्षाही जास्त विश्वास टाकतो. याला मार्केटिंगच्या अभ्यासात "सर्व्हिस रिकव्हरी पॅराडॉक्स" म्हणतात. हे नाव मॅकोलो आणि भारद्वाज या दोघांनी १९९२ मध्ये दिलं. पण याच्या भरवशावर राहू नका. हे दर वेळी होत नाही, आणि तीच चूक पुन्हा झाली तर मुळीच होत नाही.

आता हिशोब मांडू

हॉटेलने टॉवेलचे ३०० बाथ वसूल केले. फायदा झाला? आमच्या एका बॅचचे २२ जण पुढच्या जानेवारीत बँकॉकचे घाऊक बाजार बघायला जाणार होते. ११ खोल्या, तीन रात्री, म्हणजे ३३ खोल्यांचं भाडं. २,२०० च्या दराने ७२,६०० बाथ. राहण्याची जागा मीच ठरवणार होतो. ती ऑर्डर दुसऱ्या हॉटेलला गेली.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या हॉटेलला हे कधी कळणारच नाही. त्यांच्या वहीत ३०० बाथ जमा दिसतात. ७२,६०० वजा कुठेच दिसत नाहीत. गेलेल्या ग्राहकाचं बिल फाटत नाही, म्हणून तो तोटा कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. महिन्याच्या शेवटी आपण म्हणतो, "मार्केट डाऊन आहे."

आणि आता ग्राहक गप्प बसला तरी रेटिंग बोलतं. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये असताना मायकल लुका यांनी अमेरिकेतल्या सिएटल शहरातल्या रेस्टॉरंट्सचा अभ्यास केला. येल्प या साइटवर एक स्टार वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं, असं त्यांना दिसलं. आपल्या कामाचा मुद्दा पुढे आहे: हा परिणाम मोठ्या साखळ्यांवर नाही, स्वतंत्र छोट्या रेस्टॉरंट्सवर दिसला. कारण सोपं आहे. मोठ्या ब्रँडचं नाव लोकांना माहीत असतं. तुमचं-माझं नाव लोक दुसऱ्याच्या अनुभवावरूनच ठरवतात.

तक्रार आली की काय बोलायचं? पाच पायऱ्या

१. पूर्ण ऐका. मध्ये "पण" म्हणू नका. माणूस एक-दीड मिनिटात मोकळा होतो. मध्ये तोडलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

२. झालेला त्रास त्याच्या शब्दांत परत सांगा. "म्हणजे उद्या लग्न आणि ब्लाउज आज घट्ट झालाय, बरोबर?" यातून त्याला कळतं की याच्या डोक्यात शिरलंय.

३. माफी मागा, कारण नंतर. "माफ करा, हे व्हायला नको होतं." एवढंच. "माफ करा, पण आमचा कारागीर गावाला गेलाय" ही माफी नव्हे, ती सबब आहे.

४. वेळ सांगून उपाय द्या. "बघतो", "करतो", "सांगतो" हे तीन शब्द बंद. "संध्याकाळी सातपर्यंत उसवून, शिवून घरपोच देतो" असं बोला. आणि सात म्हणजे सात.

५. दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करा. "ब्लाउज नीट बसला ना?" ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि ग्राहक परत येतो तो बऱ्याचदा हिच्यामुळेच.

कोणी विचारेल, "सर, म्हणजे ग्राहक म्हणेल ते सगळं ऐकायचं का?" अजिबात नाही. अर्धा केक खाऊन पूर्ण पैसे परत मागणारे असतात, दर महिन्याला नवीन खोट काढणारे असतात. त्यांच्यासाठीच तर वही हवी. नोंद असली की खरी तक्रार कुठली आणि सवय कुठली ते कळतं. अशा माणसाला नम्रपणे, कारण सांगून नाही म्हणा. पण एका लबाड ग्राहकाच्या भीतीने नव्याण्णव सरळ ग्राहकांना "पॉलिसी" दाखवू नका.

या आठवड्याचं काम

एक: एक वही करा. नाव द्या, "गडबड वही". तारीख, काय झालं, आपण काय केलं, किती खर्च आला. चारच रकाने. महिनाभरात कुठली चूक परत परत होतेय ते तुम्हाला आपोआप दिसेल, आणि ती मुळातून दुरुस्त करता येईल.

दोन: हाताखालच्या माणसाला न विचारता खर्च करण्याचा आकडा ठरवून द्या. शंभर, दोनशे, पाचशे, जे परवडेल ते. आणि त्याने तो खर्च केला तर ओरडू नका. एकदा ओरडलात की पुढच्या वेळी तोही बादलीच आणून देईल.

तीन: गेल्या सहा महिन्यांत जे जुने ग्राहक यायचे बंद झाले, त्यातल्या पाच जणांना फोन लावा. काही विकायचं नाही. फक्त विचारा, "आमच्याकडून काही राहून गेलं का?" पहिले दोघं "नाही नाही, तसं काही नाही" म्हणतील. क्षणभर थांबा, फोन ठेवू नका. तिसऱ्या-चौथ्या फोनवर कोणीतरी खरं सांगेल. ते ऐकायला कडू लागेल, पण तुमच्या धंद्याबद्दलचा इतका नेमका सल्ला तुम्हाला फुकटात दुसरं कोणी देणार नाही.

पुढच्या भागात बघू, चूक आपलीच असताना पैसे परत द्यायचे, माल बदलून द्यायचा की पुढच्या खरेदीवर सूट द्यायची. तोवर वही सुरू करा.